शिकागो ते ब्लॅक हिल्स, सावकाश: अमेरिकेच्या मैदानी मुलखात पहिल्यांदाच गाडी काढणाऱ्यांसाठी

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाच्या रोड ट्रिपा साधारण ठरलेल्या असतात. कॅलिफोर्नियाचा किनारा, ग्रँड कॅनियन, येलोस्टोन, नाहीतर नायगारा. मधला मुलूख एकतर विमानाच्या खिडकीतून बघायचा, नाहीतर इंटरस्टेट ८० वरून एका दमात तुडवायचा आणि ‘नेब्रास्कात काही नाही’ असा शेरा मारून मोकळं व्हायचं. पण ही ८० नंबरची सडक नेब्रास्कात प्लॅट नदीच्या खोऱ्यातून जाते, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात सपाट पट्ट्यातून. तिच्यावरून राज्य कसं दिसणार? इंटरस्टेट सोडला, दिवसाचे मैल कमी केले की हा मुलूख उलगडायला लागतो. ते कसं जमवायचं, ते इथे लिहिते आहे. मी शिकागोच्या उपनगरात राहते, म्हणून मार्ग तिथून धरला आहे. तुम्ही मिनियापोलिस किंवा कॅन्सस सिटीहून निघणार असाल तर सुरुवात बदलेल, बाकी सगळं तसंच लागू पडेल.

१. आधी दिवस मोजा, मग मैल

हा फेरा असा: शिकागो, गलीना, डब्यूक, आयोवा आडवं कापून सू सिटी, नेब्रास्कातलं व्हॅलेंटाइन, साउथ डकोटातलं बॅडलँड्स नॅशनल पार्क आणि ब्लॅक हिल्सचे डोंगर. परत येताना अलायन्स, सँडहिल्सच्या वाळूच्या टेकड्या, ग्रँड आयलंड, ओमाहा, अमाना, शिकागो. सगळं मिळून साधारण २,००० ते २,२०० मैल होतात, म्हणजे ३,३०० किलोमीटरच्या आसपास.

गूगल मॅप या अंतराला जेवढे तास दाखवेल ते बघून ‘लाँग वीकेंडला होईल’ असं कोणीतरी म्हणेलच. त्याचं ऐकू नका. दहा ते बारा दिवस काढा. दिवसाला २०० ते २५० मैल हा वरचा आकडा धरा, आणि दोन दिवस तरी असे ठेवा की ज्या दिवशी मुक्काम हलवायचा नाही. एवढी सुट्टी नसेल तर ब्लॅक हिल्स सोडा आणि व्हॅलेंटाइनहून हायवे ८३ ने थेडफर्डला उतरून परत फिरा. अर्धा फेरा सावकाश केलेला बरा.

२. कधी जायचं

मेअखेर ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर. जूनमध्ये गवत हिरवंगार असतं, पण वादळांचा मोसमही तोच. सप्टेंबरमध्ये गवत तांबूस-सोनेरी होतं, हवा कोरडी असते, शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरते. मला सप्टेंबर जास्त आवडतो. हिवाळ्यात नवख्या माणसाने या बाजूला फिरकूच नये. वाऱ्याने जमिनीवरचा बर्फ उडून समोरचं काही दिसेनासं होतं आणि इंटरस्टेट चक्क फाटक लावून बंद करतात.

तारखा पक्क्या करण्याआधी चार गोष्टी तपासा, नाहीतर मोटेलचे दर बघून डोळे पांढरे होतील:

- ऑगस्टच्या पूर्वार्धात ब्लॅक हिल्समधल्या स्टर्जिसला मोटरसायकलवाल्यांची प्रचंड जत्रा भरते. शंभर मैलांच्या परिसरात खोली मिळणं मुश्कील.
- जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात हजारो सायकलस्वार आयोवा आडवं पार करतात. मार्ग दरवर्षी बदलतो. तो ज्या गावातून जातो तिथे त्या रात्री जागा नसते.
- सप्टेंबरअखेर ब्लॅक हिल्समधल्या कस्टर स्टेट पार्कमध्ये बायसनचा (अमेरिकी रानगव्यांचा) कळप हाकून आणतात. बघण्यासारखा सोहळा आहे, पण बुकिंग कित्येक महिने आधी लागतं.
- शरद ऋतूतले शनिवार. लिंकनमध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा घरचा सामना असेल तर लिंकनच काय, ओमाहापर्यंत हॉटेलं भरलेली असतात. १९६२ पासून त्या स्टेडियमचा एकही सामना रिकाम्या खुर्च्यांनी झालेला नाही, असं तिथली माणसं छाती फुगवून सांगतात.

३. गाडी

स्वतःची असेल तर उत्तम. निघण्याआधी टायर, ऑइल, वायपर बघून घ्या, आणि डिकीतली चटई उचलून खाली स्टेपनी खरंच आहे का ते पाहा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तिच्या जागी नुसता हवा भरायचा पंप आणि चिकट द्रवाची बाटली असते. सँडहिल्समध्ये टायरची कड फाटली तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही. रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असावा आणि त्यात टोइंगचे मैल किती, हेही वाचून ठेवावं. तिकडे जवळचं गॅरेज साठ-सत्तर मैलांवर असू शकतं.

भाड्याची गाडी घेणार असाल तर करारातल्या तीन ओळी बोट ठेवून वाचा. मैलांची मर्यादा आहे का? दुसरा चालक धरला आहे का, आणि त्याचे पैसे किती? कच्च्या रस्त्यावर नेलेली चालते का? बहुतेक करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते, आणि या मुलखात तर चांगल्या चांगल्या जागांचा शेवटचा मैल खडीचाच असतो. चालक २५ वर्षांखालचा असेल तर रोजचा वेगळा आकार पडतो. इन्शुरन्स काउंटरवर घ्यायचा की नाही, ते आधी घरून ठरवून जा. तुमच्या गाडीची पॉलिसी किंवा क्रेडिट कार्ड भाड्याच्या गाडीला लागू आहे का, हे फोन करून विचारायचं आणि गारपिटीचं नुकसान त्यात येतं का, हेही. हा प्रश्न इथे उगाच नाही.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर इंटरस्टेट ८० आणि ९० वर अडचण नाही. सँडहिल्समध्ये मात्र चार्जर विरळ आहेत. तेवढा भाग नकाशावर आधीच आखून घ्या.

४. बरोबर घ्यायचे कागद आणि वस्तू

कागद:

- ड्रायव्हिंग लायसन्स. भारतातून आलेले पाहुणे चालवणार असतील तर मूळ भारतीय लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना. हा परवाना भारतात आरटीओकडूनच काढावा लागतो, इथे आल्यावर मिळत नाही. मुदत एक वर्ष.
- पासपोर्ट, आय-९४ ची (देशात आल्याच्या नोंदीची) छापील प्रत. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) असेल तर आय-७९७, विद्यार्थी असाल तर आय-२०, ग्रीन कार्ड असेल तर कार्डच. देशातल्या देशात फिरतानाही अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपले कागद जवळ बाळगावेत असा कायदा आहे.
- गाडीचं रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स कार्ड, फोनमध्ये आणि कागदावरही.
- नॅशनल पार्कचा वार्षिक पास. २०२६ पासून अमेरिकेत राहणाऱ्यांना तो ८० डॉलरला आणि परदेशी पाहुण्यांना २५० डॉलरला मिळतो. राहत असल्याचा पुरावा म्हणून इथलं सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. या फेऱ्यात नुसतं बॅडलँड्सच बघणार असाल तर गाडीमागे लागणारी तिथली प्रवेश फी पासापेक्षा स्वस्त पडते. रशमोरला (डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे) प्रवेश फी नाही, पार्किंगचे पैसे मात्र आहेत आणि तिथे पास चालत नाही.

वस्तू: मोठा कूलर, माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, टायरमधली हवा मोजायचं यंत्र, गॉगल, पातळ जॅकेट (जूनमध्येही पहाटे लागतं), किडे चिकटलेली काच पुसायला जुनी फडकी. आणि कागदी नकाशा. प्रत्येक राज्याचा नकाशा सीमेजवळच्या वेलकम सेंटरवर फुकट मिळतो. फोनमध्ये ऑफलाइन नकाशे उतरवून घ्याच, पण कागदावर सगळं राज्य एका नजरेत दिसतं आणि ‘हे गाव काय आहे बरं’ म्हणून गाडी वळवावीशी वाटते. ते फोनवर होत नाही.

५. मार्ग

शिकागो ते डब्यूक. रॉकफर्डपर्यंत इंटरस्टेट ९० ने जा आणि तिथे यूएस-२० पकडा. हा २० नंबर म्हणजे बॉस्टनहून निघून ओरेगॉनच्या समुद्राला भिडणारा, ३,३०० मैलांहून लांब, देशातला सगळ्यात लांब रस्ता. पुढचे काही दिवस तोच सोबतीला आहे. फ्रीपोर्टच्या पुढे जमीन अचानक डोंगराळ होते. हिमयुगात इलिनॉयचा बहुतेक भाग हिमनद्यांनी घासून सपाट केला, हा कोपरा मात्र सुटला. गलीना हे शिशाच्या खाणींवर मोठं झालेलं टुमदार गाव, ग्रँट राष्ट्राध्यक्ष होण्याआधी इथे राहायचे. शनिवार-रविवारी शिकागोकरांची झुंबड असते, त्यामुळे पोहोचायचंच तर मंगळवार-बुधवारी. मग डब्यूकला मिसिसिपी ओलांडायची.

आयोवा. आयोवातला यूएस-२० आता सरळ चौपदरी आहे, २०१८ मध्ये शेवटचा तुकडा पुरा झाला. गाडी आपोआप पळते आणि तोच धोका. तासाभराने मुद्दाम एक्झिट घ्या आणि जुन्या रस्त्याने एखाद्या गावात शिरा. सॅक सिटीत जगातला सगळ्यात मोठा म्हणवला जाणारा मक्याच्या लाह्यांचा गोळा काचेत ठेवला आहे. तो बघायला वळण्यात काही शहाणपणा नाही, तरीही वळा.

गावात शिरण्याआधी लांबूनच धान्याचा एलेव्हेटर (उंच कोठार) आणि पाण्याची टाकी दिसते, टाकीवर गावाचं नाव. अशी गावं एकामागून एक ठराविक अंतराने येतात, कारण त्यातली बरीचशी रेल्वेने वसवली. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं आणि शेतकऱ्याला घोडागाडीने धान्य घालून एका दिवसात परत यायचं असायचं.

शेतांमधले खडीचे रस्तेही असेच आखलेले. १७८५ च्या जमीन कायद्याने हा सगळा मुलूख एक-एक मैलाच्या चौकोनांत कापला. एक चौकोन ६४० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्याला १६० एकर मिळायचे, ते म्हणजे या चौकोनाचा चतकोर. रस्ते चौकोनांच्या कडेने जातात, म्हणून दर मैलाला काटकोनात चौक. पण पृथ्वी गोल, उत्तरेकडे जावं तशी रेखावृत्तं जवळजवळ येतात आणि चौकोन कमी पडायला लागतात. मग मोजणी करणाऱ्यांनी ठराविक अंतरावर रेषा थोडी सरकवून घेतली. त्यामुळे होतं काय, की सुतासारखा सरळ चाललेला रस्ता मध्येच डावीकडे काटकोनात वळतो, शे-दोनशे फूट जातो, पुन्हा उजवीकडे वळून आधीसारखाच सरळ सुटतो. झाड नाही, ओढा नाही, वळायला दिसेल असं काही कारण नाही. दिवसा मौज वाटते, पण रात्री त्याच वळणावर गाडी थेट मक्यात जाते. अंधार पडल्यावर खडीच्या रस्त्यावर राहूच नका. दुसरी गोष्ट, या मैलामैलाच्या चौकांत बऱ्याचदा कुठल्याच बाजूला स्टॉपची पाटी नसते. जुलै-ऑगस्टमध्ये मका पुरुषभर उंच होतो आणि आडव्या रस्त्यावरची गाडी दिसत नाही. प्रत्येक चौकात वेग कमी करायचा, पाटी असो नसो.

सू सिटी ते व्हॅलेंटाइन. सू सिटीत मिसूरीकाठच्या टेकडीवर सार्जंट फ्लॉइडचा दगडी स्तंभ आहे. पश्चिमेचा मुलूख धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत वाटेत मेलेला हा एकटाच माणूस, १८०४ साली. पुढे नेब्रास्का लागतं आणि २० नंबर दुपदरी होतो. रॉयल गावाजवळच्या अॅशफॉल फॉसिल बेड्सला अर्धा दिवस द्या. माझ्या मते या फेऱ्यातली ही सगळ्यात दुर्लक्षित जागा. सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी दूरवरच्या ज्वालामुखीची राख इथे येऊन पडली. पाणवठ्यावर जमलेले गेंडे, घोडे, उंट ती राख फुफ्फुसात जाऊन मेले आणि तिच्यातच गाडले गेले. १९७१ मध्ये घळीच्या कडेतून डोकावणारी एका गेंड्याच्या पिल्लाची कवटी सापडली आणि पुढे सगळी पंगतच उघडी पडली. सगळीच हाडं उचलून संग्रहालयात नेलेली नाहीत, बरीचशी जागच्या जागीच ठेवली आहेत. त्यांच्यावरच मोठी शेड उभारली आहे आणि लाकडी पुलावरून आपण वाकून बघतो. एका कुशीवर पडलेले गेंडे, गुडघे दुमडलेले, बरगड्या न विस्कटलेल्या. उन्हाळ्यात खाली बसून कुंचल्याने राख झाडणारे विद्यार्थीही दिसतात. जागा फक्त मे ते ऑक्टोबरच्या सुमारास उघडी असते, वार आणि वेळा बघून जा.

एन्सवर्थ मागे पडलं की व्हॅलेंटाइनच्या आधी १०० वं रेखावृत्त ओलांडता. पाटीकडे लक्ष नसलं तरी काचेतून कळतं. मका-सोयाबीन संपतं, गवत आणि गुरं सुरू होतात. महाबळेश्वरहून वाई-फलटण करत माणदेशात उतरताना पाऊस जसा पातळ होत जातो तसंच, फक्त इथे घाट नाही आणि अंतर कितीतरी पट. या रेषेच्या पश्चिमेला वर्षाला सुमारे २० इंचांपेक्षा कमी पाऊस पडतो, पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्याशिवाय शेती धड होत नाही, असा इशारा भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्ये सरकारला दिला होता.

व्हॅलेंटाइनला दोन रात्री राहा. नायोब्रारा नदीत ट्यूबवर बसून तरंगत जायचं, नाहीतर ‘टँकिंग’ करायचं, म्हणजे गुरांना पाणी पाजायच्या गोल पत्र्याच्या टाकीत बाकं टाकून सहा-आठ जणांनी नदीतून गिरक्या घेत जायचं. पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांनाही लाइफ जॅकेट घालून बसवता येतं. शेजारचा स्मिथ फॉल्स हा नेब्रास्कातला सगळ्यात उंच धबधबा. साठ-सत्तर फुटांचाच आहे. लोणावळ्याच्या पावसाळ्याची सवय असलेल्यांनी फार अपेक्षा ठेवू नये, पण खाली उभं राहता येतं.

बॅडलँड्स आणि ब्लॅक हिल्स. व्हॅलेंटाइनहून उत्तरेला निघालात की रोझबड हे लाकोटा या मूळनिवासी लोकांचं आरक्षित क्षेत्र लागतं. हे त्यांचं घर आहे. माणसांचे, समारंभांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मग हायवे ४४ ने इंटिरियर गावाकडे. वाटेत घड्याळ एक तास मागे जातं. मोटेलचं चेक-इन आणि टूरच्या वेळा माउंटन टाइममध्ये आहेत ना, हे बघा.

बॅडलँड्समध्ये दुपारी बाराला पोहोचून दोनला निघणारे पुष्कळ. त्यांना राखाडी मातीचे ढिगारे तेवढे दिसतात. सूर्य उगवताना किंवा मावळताना त्याच ढिगाऱ्यांचे थर गुलाबी, पिवळे, तपकिरी होतात, म्हणून मुक्काम पार्कात किंवा अगदी लगतच करा. माती ठिसूळ आहे, कड्यावर सेल्फी नको. पाय टाकाल तिथे नजर ठेवा, रॅटलस्नेक असतात. बायसनपासून शंभर यार्ड लांब. तो गुबगुबीत, सुस्त दिसतो, पण ताशी तीस मैलांहून जास्त पळतो.

जवळच इंटरस्टेट ९० वर वॉल ड्रग आहे. १९३१ मध्ये घेतलेलं एक छोटं औषधाचं दुकान, ‘बर्फाचं पाणी फुकट’ अशा पाट्या रस्त्याकडेला लावून भरभराटीला आलं. पाणी आजही फुकट आणि कॉफी पाच सेंट. तासभर बास. त्याच बाजूला मिनिटमन क्षेपणास्त्राचं भुयार, डेल्टा-०९, काचेतून आत डोकावून बघता येतं. शीतयुद्धात या गवताखाली अण्वस्त्रं पुरून ठेवली होती, हे त्या भोकाशी उभं राहिल्यावर जरा अंगावर येतं. डेल्टा-०१ हे नियंत्रण केंद्र बघायला आधी आरक्षण लागतं.

रशमोर तुम्ही बघालच, त्याबद्दल मी काय सांगू. एवढं ठाऊक असू द्या, की १८६८ च्या फोर्ट लॅरमी करारात हे डोंगर सू लोकांचे (लाकोटा त्यांच्यातलेच) म्हणून मान्य केले होते. १८७४ मध्ये सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये सरकारने ते घेतले. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई मंजूर केली, ती त्यांनी आजतागायत उचललेली नाही. त्यांना पैसे नकोत, डोंगर हवेत. त्यानंतर कस्टर स्टेट पार्क: इथे नॅशनल पार्कचा पास चालत नाही, राज्याचा वेगळा परवाना घ्यायचा. वाइल्डलाइफ लूप पहाटे करा. नीडल्स हायवेवरचा एक बोगदा आठ फुटांच्या आसपासच रुंद आहे. मोठी एसयूव्ही असेल तर आरसे मिटून घ्या.

परतीची वाट: हायवे २. दक्षिणेला उतरताना क्रॉफर्डजवळचं फोर्ट रॉबिन्सन बघा, लाकोटांचा नेता क्रेझी हॉर्स १८७७ मध्ये इथे मारला गेला. अलायन्सला कारहेंज आहे. एका माणसाने १९८७ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ जुन्या मोटारी उभ्या पुरून, राखाडी रंगवून इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाची नक्कल केली. प्रवेश फुकट.

आणि मग ग्रँड आयलंडपर्यंतचे २७२ मैल. सगळा फेरा करायला जमणार नसेल तर निदान हा एवढा रस्ता करा. सँडहिल्स म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, एकोणीस हजारांहून जास्त चौरस मैल. खाली ओगलाला जलसाठा, त्याचं पाणी टेकड्यांच्या मधल्या खोलगटात वर येतं आणि तळी होतात. गवत, तळं, पवनचक्की, गुरं, पुन्हा गवत. रस्त्याला समांतर रेल्वे आहे. वायोमिंगचा कोळसा घेऊन येणारी मैलभराहून लांब मालगाडी तुमच्याबरोबर चालते, मग वळणावर मागे पडते. हा रस्ता एका दिवसात होतो, पण थेडफर्डला किंवा हॅल्सीजवळ रात्र काढा. हॅल्सीचं जंगल माणसांनी हाताने लावलेलं आहे, सुरुवात १९०२ ची. मलन आणि थेडफर्डच्या मध्ये घड्याळ पुन्हा एक तास पुढे.

ग्रँड आयलंडपासून पुढे इंटरस्टेट ८० घ्यायला हरकत नाही, एव्हाना घराची ओढ लागलेली असते. आयोवात अमानाला थांबा. जर्मन धर्मपंथीयांनी १८५५ पासून वसवलेली ही सात गावं. १९३२ पर्यंत इथे जमीन, स्वयंपाकघरं, सगळं सामाईक होतं. फ्रिजवरचं ‘अमाना’ हे नाव इथलंच.

६. गॅस भरताना

गॅस म्हणजे इथलं पेट्रोल. नियम एकच: काटा अर्ध्यावर आला की भरायचं. हायवे २ वर हायॅनिस, मलन, थेडफर्ड ही गावं सोडून पुढे जाताना तर नक्कीच.

मक्याच्या मुलखात पंपावर इथेनॉलचे प्रकार जास्त असतात आणि सगळ्यात स्वस्त आकडा बघून हात तिकडेच जातो. ई-८५ फक्त ‘फ्लेक्स फ्युएल’ गाड्यांसाठी आहे, साध्या गाडीत घालायचं नाही. त्याची नळी बऱ्याच ठिकाणी पिवळी असते. ८८ लिहिलेलं ई-१५ हे २००१ आणि नंतरच्या मोटारींना चालतं, तरी गाडीचं पुस्तक बघा. डिझेलची मूठ बहुधा हिरवी, पण काही पंपांवर साध्या पेट्रोलचीही हिरवीच. रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा. साउथ डकोटाच्या पश्चिमेला ‘रेग्युलर’ म्हणून ८५ ऑक्टेन विकतात. बहुतेक गाड्यांना ८७ लागतं, तेव्हा मधलं बटण दाबा.

भारतातलं कार्ड घातलं की पंप झिप कोड (इथला पिनकोड) मागतो आणि कार्ड नाकारलं जातं. आत जाऊन ‘पंप चार, चाळीस डॉलर’ असं सांगून आधी पैसे द्या. कमी बसलं तर उरलेले परत मिळतात.

७. खाणंपिणं

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, पण भरवशावरही राहू नये. आयोवात गावोगावी असलेल्या केसीज या गॅस स्टेशनवर ताजा पिझ्झा मिळतो, चीज पिझ्झा मागा. मेक्सिकन हॉटेलं लहान गावांतही असतात. तिथे बीन्समध्ये डुकराची चरबी आणि भातात चिकनचं पाणी नाही ना, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की मान डोलावतात. इंटरस्टेट ८० वरच्या काही ट्रकस्टॉपवर पंजाबी ड्रायव्हरांसाठी ढाबे निघाले आहेत. निघण्याआधी शोधून नकाशावर खूण करून ठेवा. सामिष खाणाऱ्यांना आयोवात पावापेक्षा दुप्पट मोठं पोर्क टेंडरलॉइन आणि नेब्रास्कात कोबी-बीफ भरलेला रन्झा आहेच.

गाडीत दशम्या, थालीपिठं, चटणी, दडप्या पोह्यांचं सामान, चिवडा ठेवा. लहान इलेक्ट्रिक कुकर असला की रात्री मेतकूट-भात होतो. मोटेलच्या खोलीत फोडणी मात्र करू नका, स्मोक अलार्म वाजतो आणि दंड लागतो. लहान गावांत हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री आठला बंद होतात, रविवार-सोमवार तर कित्येक उघडतच नाहीत.

८. मुक्काम

बॅडलँड्स, कस्टर आणि व्हॅलेंटाइन आधी बुक करा. बाकी ठिकाणी आदल्या दिवशी केलं तरी चालतं. लहान मोटेलला थेट फोन लावा, अॅपपेक्षा दर कमी मिळतो आणि तळमजल्यावरची खोली मागता येते. फोन उचलणारे बऱ्याचदा पटेलभाई किंवा पटेलबेन असतात. आई-बाबा बरोबर आहेत म्हटलं की न मागता चहा येतो, असं आमच्या बाबतीत घडलं आहे.

९. हवा

हवेला हसण्यावारी नेऊ नका. फोनवर ‘टॉर्नेडो वॉच’ आलं तर वादळ होण्याजोगी हवा आहे, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ आलं तर वादळ प्रत्यक्ष किंवा रडारवर दिसलेलं आहे, लगेच आसरा घ्या. रेडिओवर इशारे काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नावाने देतात, म्हणून आपण कुठल्या काउंटीत आहोत हे नेव्हिगेटरच्या सीटवरच्याने सतत माहीत ठेवायचं. पक्क्या इमारतीत, तळघरात किंवा बिनखिडकीच्या आतल्या खोलीत जा. गॅस स्टेशनचं टॉयलेटही चालतं. ओव्हरपासखाली गाडी लावू नका, तिथे वारा जास्त जोराने घुसतो.

१०. रस्त्यावरचे रिवाज

साउथ डकोटात इंटरस्टेटवर ताशी ८० मैलांची मर्यादा, नेब्रास्कात ७५, आयोवात ७०. खरा सापळा दुपदरी रस्त्यावर: ६५ ने चाललेली गाडी गावाच्या वेशीवर काही शे फुटांत २५ वर आणावी लागते आणि पोलीस तिथेच उभा असतो. थांबवलं तर गाडीतच बसा, हात स्टीअरिंगवर, कागद मागितल्यावरच काढा. रस्त्याकडेला लुकलुकते दिवे लावून उभी असलेली पोलिसांची किंवा तातडीच्या सेवेची गाडी दिसली की लेन बदला किंवा वेग कमी करा, हा सगळ्या राज्यांत कायदा आहे. संध्याकाळी आणि पहाटे हरणं आडवी येतात. ब्रेक दाबा, स्टीअरिंग झटकू नका. सँडहिल्समध्ये समोरून येणारा माणूस स्टीअरिंगवरून दोन बोटं उचलतो. तुम्हीही उचला.

११. आई-वडील बरोबर असतील तर

भारतातून आलेल्यांचा प्रवासी आरोग्य विमा असल्याशिवाय निघू नका, आणि जुन्या आजारांबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा. मोठी हॉस्पिटलं सू सिटी, रॅपिड सिटी, ग्रँड आयलंड, ओमाहा इथे. मधल्या गावांत दवाखाना लहान असतो. औषधं मूळ वेष्टनात, प्रिस्क्रिप्शनसह, दोन वेगवेगळ्या बॅगांत. दर दोन तासांनी टॉयलेटचा थांबा आधीच ठरवा, सँडहिल्समध्ये आडोशाला झाडसुद्धा नसतं.

१२. घरी आल्यावर

शिकागोभोवतीचा टोल रोखीने घेत नाहीत. आय-पास (इथला फास्टॅग) नसेल तर १४ दिवसांच्या आत ऑनलाइन भरा. भाड्याच्या गाडीला कंपनी वरून आपला आकार लावते, म्हणून निघतानाच विचारून घ्या. काचेवर खडीचा टिचका पडला असेल तर तो तडकण्याआधी भरून घ्या, बरेच इन्शुरन्सवाले हे फुकट करून देतात. आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेले टोळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. सुकले की निघत नाहीत.